भाऊजींचा माणूस

माझी थोरली बहीण कपडे दुरुस्त करते. चेन बदलणं, पँट आखूड करणं, कोटाचं फाटलेलं अस्तर काढून नवं लावणं, माणसाचं वजन वाढलं की कंबर सैल करणं आणि उतरलं की परत घट्ट करणं. हे शेवटचं काम फारसं येत नाही, असं ती म्हणते. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधे एक पडदा. पडद्याच्या अलीकडे मशीन, इस्त्री आणि गिऱ्हाइकं. पलीकडे ताई, तिचे धाकटे दीर आणि दिरांचं दुखणं.

दिरांना मीही भाऊजीच म्हणते. ते पाणीखात्यात नकाशे काढायचे. अक्षर असं की छापलेलं वाटावं. ऐन उमेदीत त्यांना नळातून माणसांचे आवाज यायला लागले. पाणीखात्यातला माणूस नळाला कान लावून बसतो यात नवल काय, असं म्हणून साहेबांनी काही महिने कानाडोळा केला. नंतर भाऊजींनी ऑफिसातले सगळे नळ कापड कोंबून बंद केले, तेव्हा साहेबांचे डोळे उघडले. नोकरी गेली. आजाराला नाव मिळालं, गोळ्या मिळाल्या, आणि माझ्या मेव्हण्यांच्या म्हणजे ताईच्या नवऱ्याच्या घरात भाऊजी कायमचे राहायला आले.

मेव्हणे गेले तेव्हा लोकांनी ताईला सरळच विचारलं, की आता तुझा आणि त्याचा संबंध काय? ताईला प्रश्नच कळला नाही. "सकाळी चहा कोण देणार त्यांना?" एवढंच ती म्हणाली. मला तेव्हा तिचा राग आला होता. खरं सांगायचं तर अजूनही येतो. मी शाळेत गणित शिकवते. एका माणसाने स्वतःला वजा करत राहिलेलं मला बघवत नाही.

पण हे मी सांगतेय ते ताईच्या शिवणकामाबद्दल नाही. सांगायचंय ते तिच्या दुसऱ्या कामाबद्दल, ज्याचा तिला कोणी पगार दिला नाही आणि ज्याने तिला पार थकवलं.

आमच्याकडे पूर्वीचा कायदा असा होता, की घरच्या माणसाने सही केली की आजारी माणसाला उचलून इस्पितळात टाकता येई. आजाऱ्याला विचारायची पद्धत नव्हती. भाऊजींनाही असंच एकदा नेलं. सही मेव्हण्यांची होती. ते कसं नेलं, याची एक गोष्ट आहे. त्या गोष्टीतलं थोडंच मी इथे सांगणार आहे. सांगण्याआधी मी भाऊजींना विचारलं. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "चादर होती म्हणून सांगा. वहिनीने काढून दिली म्हणून सांगा. पुढचं माझं आहे." तर चादर होती. ताईनेच कपाटातून काढून दिली होती, आणि त्या गडबडीतही तिने धुतलेली चादर निवडून दिली होती.

ते तिच्या मनातून कधी गेलं नाही. त्यातूनच ती आजाऱ्यांच्या नातेवाइकांच्या संघटनेत गेली. संघटना म्हणजे जुन्या टेलिफोन ऑफिसातली एक खोली, मोडक्या खुर्च्या, आणि आपापल्या घरातून तासभर सुटून आलेली माणसं. कोणाचा मुलगा, कोणाची बायको, कोणाची आई. सगळ्यांचे डोळे झोप न झालेले. तिथे तिला सगळे वहिनी म्हणायला लागले, पंचाहत्तरीचे गृहस्थसुद्धा.

मागण्या बऱ्याच होत्या. औषध घरपोच मिळावं, परिचारिकेने घरी येऊन इंजेक्शन द्यावं, प्रत्येक वस्तीत दिवसभर बसता येईल असं केंद्र असावं. पण ताईने जीव टाकला तो एका कलमावर. आजारी माणूस बरा असेल तेव्हा त्याने स्वतःचा प्रतिनिधी निवडावा. उद्या आजार उलटला तर डॉक्टरांनी त्या प्रतिनिधीला विचारावं, त्याच्याशी बोलावं, एरवीच्या तपासणीलाही त्यालाच आत बसवावं. प्रतिनिधी नातेवाईकच हवा असं नाही. रक्ताचं नातं आपोआप चालणार नाही, लग्नाचंही नाही.

या कलमाला पहिला विरोध सरकारने केला नाही, संघटनेनेच केला. "आम्ही जन्मभर उपसायचं आणि याने उठून कुठल्या सोम्यागोम्याला निवडायचं?" एक निवृत्त बँकवाले तर टेबलावर हात आपटून उठले. "वहिनी, तुमच्या दिराने तुम्हाला नाही निवडलं तर?"

ताई हसली. "मला नाही तर कोणाला निवडतील? माझ्या मशीनला?"

सगळेच हसले. मीही हसले. ठराव झाला.

त्यानंतर सुरू झालं बैठकांचं गुऱ्हाळ. समिती, उपसमिती, मसुदा, सुधारित मसुदा. ताई सकाळी गिऱ्हाइकांचं काम उरकायची, भाऊजींचं जेवण झाकून ठेवायची आणि दोन बस बदलून सचिवालयात जायची. तिथल्या खोल्या मला चांगल्या आठवतात, कारण शाळेला सुट्टी असली की मी सोबत जायची. लांबलचक टेबल, दमट गालिचा, एसी इतका थंड की ताई दुरुस्तीला आलेला एखादा स्वेटर घालून बसायची. गिऱ्हाइकाचा स्वेटर! मी डोळे वटारले की म्हणायची, "धुऊनच देणार आहे."

साहेब लोक वाईट नव्हते. ऐकून घ्यायचे. पण कलमं आणि पोटकलमं ऐकताना त्यांचे डोळे जड व्हायचे, आणि हे ताईच्या लवकर लक्षात आलं. मग एके दिवशी तिने चादरीची गोष्ट सांगितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न लपवता. स्वतःचाही भाग सांगितला. एका साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्या दिवशी पहिल्यांदा ते कलम मसुद्यात शिरलं.

झालं. तेव्हापासून चादर ताईच्या मागे लागली. नवे सचिव आले की परत पहिल्यापासून. "वहिनी, ते चादरीचं सांगा ना यांना." आरोग्यखात्यात सांगितली, विधिखात्यात सांगितली, बाहेरून आलेल्या पाहुण्यांना सांगितली. सांगून सांगून तिला कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा हे पाठ झालं. परत येताना बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसायची. एकदा म्हणाली, "मला वाटतं मी त्यांना रोज परत नेते गं तिकडे." मी म्हटलं, मग सोड ना. ती म्हणाली, "कलम होऊ दे."

कलम झालं. केव्हा झालं ते आम्हाला कळलंसुद्धा नाही. कायदा मंजूर झाल्याची बातमी पेपरात आतल्या पानावर, टायरच्या जाहिरातीशेजारी. ताईने ती वाचली, कात्रण काढलं नाही, आणि एका लग्नाळू मुलाच्या पँटची शिवण उसवायला घेतली. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर नाचेल. "पाय दुखतात," ती म्हणाली.

पण मला माहीत होतं, ती एका दिवसाची वाट बघत होती. भाऊजी प्रतिनिधीचं नाव सांगतील त्या दिवसाची. कायद्याने तिला नात्याने मिळालेलं सगळं काढून घेतलं होतं, तिच्याच आग्रहावरून. आता ते भाऊजींनी आपल्या तोंडाने परत द्यायचं होतं. ती असं बोलायची नाही. पण त्या आठवड्यात तिने भाऊजींचा शर्ट दोनदा इस्त्री केला.

दिवसकेंद्र आता त्याच जुन्या टेलिफोन ऑफिसात आहे. भाऊजी रोज तिथे जातात, कॅरम खेळतात, कधी नुसते बसतात. केंद्रातली समाजसेविका म्हणजे ताजी ताजी शिकून आलेली हसरी मुलगी. तिने भाऊजींना खुर्ची दिली, आम्हा दोघींना बाजूला बसवलं आणि सगळं नीट समजावून सांगितलं. शेवटी विचारलं, "मग तुमचा प्रतिनिधी कोण असावा असं तुम्हाला वाटतं?"

"न्हावी," भाऊजी म्हणाले.

"कोण?"

"कोपऱ्यावरचा न्हावी."

ती मुलगी बिचारी गोंधळली. तिने ताईकडे पाहिलं. मीही पाहिलं. ताईच्या चेहऱ्यावर गिऱ्हाइकाला "उद्या मिळेल" म्हणतानाचं हसू होतं, तेवढंच.

"लिहा की," ताई म्हणाली. "त्यांनी सांगितलं ना? मग लिहा."

घरी आल्यावर तिने भाऊजींना वाढलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. इतकी वर्षं खाणंपिणं, औषधं, बसचे धक्के, साहेबांची मिनतवारी, आणि माळ कोणाच्या गळ्यात? न्हाव्याच्या! मी पडद्याआड जाऊन भांडी जरा जोरातच घासली.

दुसरा घोळ पुढे होता. प्रतिनिधीचा होकार लागतो. आणि तो आणायला कोण जाणार? ताईच गेली. मी मागोमाग.

हा न्हावी म्हणजे जगातला एकमेव न बोलणारा न्हावी असावा. दुकानात रेडिओ नाही, गप्पा नाहीत. पोट सुटलेला, घुमा माणूस. ताईने त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्याच्या हातातला वस्तरा तसाच राहिला आणि अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक आरशातून आमच्याकडे बघत बसलं.

"मला कशाला ओढता यात?" तो म्हणाला. "मला डॉक्टरांपुढे बोलता येत नाही."

"बोलायचं नाहीये. ऐकायचंय. ते काय म्हणतात ते डॉक्टरांना सांगायचं."

"तुम्ही आहात की घरच्या."

"त्यांनी तुमचं नाव घेतलंय." ताई म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात तर त्यांना वाटेल, विचारलं म्हणून विचारलं नुसतं."

न्हाव्याने उरलेली दाढी संपवली, गिऱ्हाइकाला उठवलं, टॉवेल झटकला. मग म्हणाला, "ते कानाला हात लावला की दचकतात. म्हणून मी आधी सांगतो. आता उजवीकडे येतोय, आता मागे येतोय. एवढंच बोलणं होतं आमचं." आणि टॉवेल खुंटीला लावून, "येईन. सोमवारी दुकान बंद असतं."

ताईने त्याचे आभार मानले. बाहेर येऊन ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "मी कधी सांगितलं नाही गं आधी. कान ठणकला की सरळ धरायची आणि कानात औषध घालायची." मग ती रडली. रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत. इतक्या वर्षांत मी तिला अशी रडताना पाहिलं नव्हतं. मी तिची पिशवी धरून उभी राहिले.

पण मला ते पटलं नव्हतं. कान काय, आणि न्हावी काय! काहीतरी दुसरं असणार. मी भाऊजींना गाठलं. ते आतल्या खोलीत पडद्यापाशी खुर्ची टाकून बसले होते. मला ते मास्तरीणबाई म्हणतात.

"भाऊजी, रागावू नका. ताईचं नाव का नाही घेतलं?"

ते अंगठ्याने खुर्चीचा हात चोळत राहिले.

"तिने काय कमी केलं तुमचं?"

"मास्तरीणबाई, वहिनीने काही कमी केलं नाही." ते हळूहळू बोलतात, गोळ्यांमुळे जीभ जड होते. "केंद्रात शिकवायला माणूस आला होता. नव्या नोकरांना. आम्हालाही बसवलं मागे. तो म्हणाला, कायदा का आला ऐका. आणि त्याने माझी गोष्ट सांगितली."

मी समोर जमिनीवर बसले.

"नाव नाही घेतलं. पण चादर माझी. पुढचं सगळंही सांगितलं. त्याला सगळं पाठ होतं. शेजारचा मला म्हणाला, बिचारा माणूस. मी पण म्हटलं, हो ना, बिचारा." त्यांनी शर्टाची बाही सारखी केली. "न्हाव्याला माझं काही माहीत नाही. आणि जे आहे ते तो कोणाला सांगत नाही."

माझा राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही. ताई पडद्याच्या त्या बाजूला होती. मशीन थांबलं होतं, म्हणजे तिने ऐकलं होतं. थोड्या वेळाने मशीन परत सुरू झालं.

त्यांच्यात त्यावर बोलणं झालं की नाही मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही, आणि माझ्यासाठी हेही नवीनच होतं. फरक एवढाच दिसला, की ताई औषध घालायच्या आधी "कानाजवळ येते हं भाऊजी" म्हणायला लागली. ते अजून दचकतात. तिच्यापाशी दचकतातच.

आणि मग सचिवालयातून फोन आला. कायदा लागू झाल्याबद्दल मोठा कार्यक्रम, मंत्री येणार, गावोगावचे डॉक्टर येणार, वहिनींचा सत्कार. आणि अर्थात, "ते चादरीचं" सांगायचं. फोन स्पीकरवर होता, कारण ताईच्या हातात चिमटीत धरलेली शिवण होती. तिने सांगितलं, कळवते.

जेवताना तिने भाऊजींकडे न बघता विचारलं, "भाऊजी, मला परत बोलावलंय. तुमची गोष्ट सांगायला. सांगू का?"

भाऊजींचा घास हातातच राहिला. मी त्यांचा चेहरा बघत होते. हा प्रश्न त्यांना कोणी आधी विचारला नव्हता, हे त्या चेहऱ्यावर साफ दिसत होतं.

"नको," ते म्हणाले.

"बरं," ताई म्हणाली आणि त्यांना भात वाढला.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना फोन केला. जमणार नाही म्हणाली. साहेबांना वाटलं तब्येतीचं काही असेल. गाडी पाठवतो म्हणाले. मग तिने खरं कारण सांगितलं, की दीर नको म्हणाले.

"अहो वहिनी," साहेब हसले, "त्यांना कशाला विचारायला गेलात? ते तर—" आणि मधेच थांबले. चांगला माणूस होता. आपण काय बोलत होतो ते त्याच्या लक्षात आलं असावं.

"कायदा आपणच केलाय ना साहेब," ताई म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. दमलेली होती नुसती.

सत्कार झाला नाही. गोष्ट मात्र थांबली नसणार. आता ती पुष्कळांना पाठ आहे. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी खोलीत, कोणीतरी योग्य जागी आवाज खाली आणत असेल. ती परत कशी बोलवायची हे कुठल्याच कलमात नाही. ताई एकदा म्हणाली, उसवून परत शिवता येईल असं काहीच नाही त्यात. एरवी ती असं काही बोलत नाही, त्यामुळे मी वादही घातला नाही.

मागच्या सोमवारी भाऊजींची तपासणी होती. न्हावी वेळेवर आला, स्वच्छ शर्ट घालून, लग्नाला निघाल्यासारखा अवघडलेला. डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं, ताईला बघून ओळखीचं हसल्या, सवयीने "या" म्हणाल्या, आणि मग हातातला कागद बघून ओशाळल्या. "म्हणजे... प्रतिनिधी आत यायचेत."

"हो हो," ताई म्हणाली आणि बाकावर बसली. दार लागलं.

तो बाक मला माहीत होता, तिला नव्हता. इतकी वर्षं ती आतच असायची. भाऊजींची झोप कशी, भूक कशी, आवाज येतात का, सगळं तीच सांगायची. त्यांच्याआधी तीच बोलायची. आता ती दाराकडे बघत होती. आतून काही ऐकू येत नव्हतं. मधेच एकदा भाऊजी हसल्याचा आवाज आला आणि ताई एकदम उठून उभी राहिली, परत बसली. मग ती पिशवीतलं काम काढायला लागली आणि तिच्या लक्षात आलं, की सुई घरीच राहिली. हात मांडीवर ठेवून ती नुसती बसून राहिली. तिला नुसतं बसता येत नाही. इतकी म्हातारी ती मला आधी कधी वाटली नव्हती.

दोघं बाहेर आले. न्हाव्याने मान हलवून आमचा निरोप घेतला आणि तो निघून गेला. भाऊजी चपला घालत होते. ताईने बराच वेळ दम धरला, पण शेवटी तिला राहवलं नाहीच.

"काय म्हणाल्या बाई?"

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, ठेच लागू नये म्हणून वाट बघून घ्यावी तसं.

"कोणाला सांगणार नाहीस?"

"नाही."

"साहेबांना?"

"नाही हो."

ते विचारात पडले. मागच्या माणसाला आत जायचं होतं, आम्ही दारातच उभे होतो. ताईने पिशवी छातीशी धरली होती.

"पुढच्या वेळी सांगतो," भाऊजी म्हणाले.

"बरं," ताई म्हणाली, आणि आम्ही तिघं बसस्टॉपकडे निघालो.